आऱ्या सुटायच्या आत

इतिहासाची साधने कोणती, असे दहावीच्या वर्गात विचारले की मुले ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी अशी नावे घडाघडा सांगतात. हजेरीपत्रक मात्र कोणीच सांगत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. मलाही ते पुष्कळ उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील कपाटे आवरताना जुन्या हजेरीपत्रकांचा एक गठ्ठा हाती लागला. वाळवीने कडा कुरतडल्या होत्या, पण शाई शाबूत होती. सहज पाने चाळू लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. जूनमध्ये शाळा भरते, वर्ग भरलेले असतात. जुलै निम्मा उलटला की मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते ती थेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मग पुन्हा हजेरी पूर्ववत होते. एका वर्षी नव्हे, दरवर्षी. कुठे कुठे वर्गशिक्षकांनी शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिलेला होता : ‘भांगलण’.

आमच्या बेळगाव, हुक्केरी, निपाणी भागातल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. पुण्याकडे ज्याला खुरपणी म्हणतात ती आमची भांगलण. पिकात बसून, हाताने, खुरप्याने तण काढायचे. प्रश्न असा की हे पंधरा-वीस दिवसच का? तण काही पावसाळाभर थांबत नाही. याचे उत्तर शोधता शोधता मी भुईमुगाच्या पिकापाशी, तेथून कोळप्यापाशी, आणि कोळप्यापासून फार दूरच्या देशांपर्यंत जाऊन पोहोचलो. ती वाट वाचकांपुढे ठेवावी एवढाच या लेखाचा हेतू.

भुईमूग हे मोठे विलक्षण पीक आहे. फूल लागते जमिनीच्या वर, आणि फळ धरते जमिनीच्या आत. पेरणीनंतर साधारण पंचवीस-तीस दिवसांनी पिवळी फुले दिसू लागतात. फूल एका दिवसात मिटते. मग त्याच्या बुडातून एक बारीक देठ खाली मातीकडे वाढू लागतो. यालाच आपण आरी म्हणतो. आरीचे टोक मातीत शिरले, तेथे अंधार मिळाला, की मगच शेंग पोसते. जी आरी मातीपर्यंत पोहोचत नाही ती वाळून जाते आणि जी मातीत शिरल्यावर हलवली जाते ती तुटते. म्हणून आऱ्या सुटल्या की भुईमुगात खुरपे चालवायचे नाही की कोळपे धरायचे नाही, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे. त्यानंतर तण दिसले तर तेवढे हलक्या हाताने उपटायचे.

म्हणजे शेतकऱ्याच्या हाती दिवस किती राहिले? मृगात पेरणी झाली तर जूनअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत, एवढेच. यातही पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस. झड लागली की वाफसा येत नाही, वाफसा नाही तर कोळपे चालत नाही, आणि कोळपे थांबले की तण हां हां म्हणता पिकाच्या डोक्यावर जाते. भुईमूग बुटका, त्याची पहिली वाढ सावकाश. केना, माठ, हरळी, लव्हाळा यांच्याशी तो पहिले सहा आठवडे झुंजू शकत नाही. पुढे तो जमीन झाकून घेतो आणि तणाला दाबतो, पण ते पुढे. शिवाय काढणीच्या वेळी तणाच्या मुळ्यांच्या जाळ्यात शेंगा अडकून मातीत राहतात ते नुकसान वेगळेच. ‘तण खाई धन’ ही म्हण सगळ्याच पिकांना लागू आहे, पण भुईमुगाला ती मुदतीसह लागू आहे. ती मुदतच मला त्या हजेरीपत्रकात दिसली होती.

या मुदतीच्या शर्यतीत शेतकऱ्याच्या बाजूने धावणारे अवजार म्हणजे कोळपे. आजच्या शहरी मुलांनी ते पाहिलेले नसते म्हणून दोन शब्दांत सांगतो. वर एक लाकडी दिंड, त्याला खाली दोन लाकडी पाय, त्या पायांत आडवी बसवलेली लोखंडी फास, मागे धरायला रुमणे आणि पुढे जुवाला जोडायच्या दांड्या. कुळवाचेच हे धाकटे भावंड. दोन ओळींमधल्या पट्ट्यात मावेल एवढीच त्याची फास असते. बैल ओळींमधून चालतात, त्यांच्या तोंडाला मुसकी बांधलेली असतात आणि फास जमिनीखालून बोट-दोन बोटे सरकत तणाची मुळे कापत जाते. एकाच जुवाला दोन कोळपी जोडायची आणि प्रत्येकामागे एक माणूस, हीही रीत. तण तर मरतेच, वर मातीचा पापुद्रा फुटून जमिनीतली ओल उडून जायची थांबते. ‘कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जुने लोक म्हणत ते यासाठीच.

लहानपणी मी आज्जांच्या बरोबर दुसऱ्या कोळप्यामागे चाललो आहे. रुमण्यावर जोर किती द्यायचा हे सांगून कळत नाही, हातालाच कळावे लागते. जोर जास्त झाला की फास खोल रुतते, कमी झाला की तणावरून घसरते. एकदा माझी फास ओळीत घुसली आणि चार रोपे उखडली. आज्जा लांबून ओरडले, “फास उचल! वळीत शिरू नको. वळ आपली न्हवं, ती बायकांची.” त्या वाक्याचा अर्थ त्या वयात मला कळला नव्हता. तो पुढे सांगतो.

आमच्या सीमाभागाची एक गंमत या अवजारांत दिसते. पेरायच्या तिफणीला आम्ही कुरी म्हणतो, शेजारचा कन्नड शेतकरी तिला कूरिगी म्हणतो. कुळवाला तो कुंटी म्हणतो आणि कोळप्याला एडीकुंटी. एडी म्हणजे दोन ओळींमधली मोकळी जागा. भुईमुगाला मात्र दोघेही शेंगाच म्हणतात. म्हैसूरकडचा कडलेकायी हा शब्द इकडे रुळला नाही. एकाच गावचा सुतार दोन्ही घरांची कोळपी भरत असे आणि एकच लोहार दोघांच्या फासा शेवटत असे. भाषेवरून आमच्याकडे पुष्कळ वाद झाले, होतात. कोळप्याच्या मापावरून झालेला मी ऐकलेला नाही. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत कोळपे हा शब्द आहे. म्हणजे तो तेव्हाही नवा नव्हता.

आता जरा लांब जाऊ. ओळीत पेरावे आणि ओळींमधून जनावराच्या बळावर अवजार फिरवून तण मारावे, ही कल्पना युरोपात कोणी रूढ केली, याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात जेथ्रो टल असे दिले जाते. टलने १७०१ च्या सुमारास पेरणीयंत्र बनवले आणि १७३१ साली घोड्याने ओढायच्या कोळप्याच्या शेतीवर ग्रंथ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्याचा सिद्धान्त चुकीचा होता. माती बारीक केली की तिचे कणच वनस्पती खातात, म्हणून खताची गरज नाही, असे त्याला वाटे. पण सिद्धान्त चुकला तरी पद्धत बरोबर होती, कारण तिने तण मरत होते. इतिहासात असे पुष्कळदा घडते. तोपर्यंत इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी बी हाताने फोकून पेरण्याची चाल होती.

टलच्या ग्रंथानंतर साठ-पासष्ट वर्षांनी, १७९५ च्या सुमारास, कंपनीच्या चाकरीतील कॅप्टन थॉमस हॅलकॉट हे गुंटूर भागातल्या एका गावात शेतकऱ्यांना नळ्यांच्या अवजाराने ओळीत पेरताना पाहून चकित झाले. पेरणीयंत्र हा युरोपचा अलीकडचा शोध आहे अशीच त्यांची समजूत होती. चौकशी करता कळले की तेथे हे अवजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. त्यांनी त्याचे वर्णन इंग्लंडला कळवले आणि ते तिकडच्या शेतीमंडळाच्या प्रकाशनात छापले गेले. धरमपाल यांनी अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान आणि तंत्रविद्या या विषयावरील आपल्या १९७१ च्या इंग्रजी ग्रंथात हे लेखन पुन्हा उजेडात आणले. आपले सगळे जुने ते सोने असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण जे अवजार आपल्या गोठ्याच्या आढ्याला टांगलेले होते त्याची किंमत परक्या माणसाच्या पत्रातून कळावी, हे थोडे लाजिरवाणे आहेच.

शंभर वर्षांनी दुसरे परके गृहस्थ आले. डॉ. जॉन व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ. हिंदुस्थानची शेती कशी सुधारावी हे सांगण्यासाठी सरकारने त्यांना १८८९ च्या अखेरीस बोलावले. वर्षभर देश फिरून त्यांनी जो अहवाल लिहिला तो १८९३ साली छापला गेला. त्यात त्यांनी इथल्या शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. उलट शेत तणमुक्त ठेवण्याची येथील काळजी इतरत्र क्वचित आढळेल, अशा आशयाची शाबासकी दिली. मात्र ही काळजी कोणाच्या हातांनी घेतली जात होती, याचा हिशेब अशा अहवालांतून फारसा सापडत नाही.

आणि आता आपल्याच गावची गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा समजूत होती आणि पहिले नांगर खपायला फार वेळ लागला असे सांगतात. पण दक्षिण महाराष्ट्रातल्या काळ्या रानांत हरळी आणि कुंदा यांनी शेतकऱ्याला जेरीस आणले होते. यांच्या मुळ्या इतक्या खोल जातात की लाकडी नांगर त्यांच्या वरूनच जातो. लोखंडी नांगर उन्हाळ्यात चार-चार, सहा-सहा बैल जोडून खोल घातला, ढेकळे उलटी पडली आणि वैशाखाच्या उन्हात त्या मुळ्या वाळल्या, म्हणजे ते रान पुढे काही वर्षे सुटे राही. लोखंडी नांगराचा प्रसार होण्याचे एक मोठे कारण हे तणच होते. १९१० साली बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल स्टेशनाजवळ माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे पुढे शेंगा फोडायची यंत्रेही होऊ लागली. सायकलीच्या दुकानातून नांगर निघाला हे ध्यानात ठेवावे, कारण सायकलीचे चाक पुन्हा एकदा येणार आहे.

भुईमूग मुळातला दक्षिण अमेरिकेचा. जुन्या जगात तो पोर्तुगीजांच्या काळात पसरला. पण त्याला बाजार मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, फ्रान्समधल्या मार्सेल बंदरात. तेथील तेल आणि साबणाच्या गिरण्यांना तेलबिया हव्या होत्या. त्यांच्यासाठी आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये १८४० च्या दशकापासून, आणि आपल्याकडे पाँडिचेरीच्या आसपासच्या दक्षिण अर्काट भागात, भुईमुगाचे क्षेत्र वाढत गेले. मुंबई इलाख्यात शतकाच्या अखेरीस रोगाने आणि हीण बियाण्याने हे पीक खालावले, तेव्हा शेतकी खात्याने स्पॅनिश आणि जपानी म्हणून ओळखले जाणारे नवे वाण आणले. यातले उपटे वाण लवकर येणारे, झुपक्याने वाढणारे. पसऱ्या वाणाच्या फांद्या ओळी झाकून टाकतात, उपट्याच्या ओळी मोकळ्या राहतात. मोकळ्या ओळीत कोळपे अधिक दिवस चालते. आपल्या कुरीने पाडलेल्या बारा-पंधरा इंचांच्या ओळी आणि हे नवे पीक यांचे म्हणूनच जमले. नवे बी आले, पण अवजार जुनेच पुरले.

आता आज्जांच्या वाक्याकडे येतो. कोळपे दोन ओळींमधले तण मारते. पण ओळीतले, दोन रोपांमधले तण? तेथे फास जाऊ शकत नाही. गेली तर रोपच जाते. ते तण काढायला बोटे लागतात. कोळपणी झाली की मागोमाग भांगलणीच्या बायका पात धरून बसतात. पाठ वाकलेली, पायाखाली चिखल, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि एका हाताने रोप सांभाळत दुसऱ्या हाताने खुरपे. हे अवजार-पुराण जेथे जेथे लिहिले गेले आहे तेथे कुरी आहे, नांगर आहे, कुळव आहे, बैल तर आहेतच. खुरप्याचे नाव आले तरी ओझरते. जमिनीचा फार तर दोनतृतीयांश भाग कोळप्याने निघतो, उरलेला भाग बायकांच्या हाताने. आणि त्या अपुऱ्या हातांत भर घालायला वर्गातल्या मुली उठून जात. त्या वीस दिवसांत सुटलेले गणित पुढे किती जणींना पुन्हा धरता आले, याचा रकाना हजेरीपत्रकात नाही.

एकदा मी एका पालक आजींना विचारले होते, “नात शाळेत का येत नाही?” त्या म्हणाल्या, “सर, शाळा काय वर्सभर हाय. आऱ्या सुटल्यावर कुनाला बलवू?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलीचे नुकसान होत होते हे खरे, आणि आजींचे म्हणणेही खोटे नव्हते.

हे कोडे फक्त आपलेच आहे असे मात्र नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया संस्थानात भुईमूग मोठ्या प्रमाणावर होतो. १९५० च्या दशकात तेथील बॉइल नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की कोळपताना रोपाच्या बुडाशी माती लोटली तर बुरशीने होणारी खोडकूज वाढते. म्हणजे तण मारायला फिरवावे तर माती उडते, माती उडू नये म्हणून थांबावे तर तण वाढते. यातून तेथील शेतकऱ्याची सुटका केली ती तणनाशकांनी. १९४५ नंतर ही रसायने बाजारात आली आणि बघता बघता कोळपे मागे पडले.

मग काही शेतकरी सेंद्रिय भुईमुगाकडे वळले आणि प्रश्न पुन्हा जिथल्या तिथे आला. जॉर्जियातल्या टिफ्टन येथे कॅरोल जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षे प्रयोग केले. त्यांचा एक महत्त्वाचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पसरट फाळांच्या कोळप्याबरोबर एक वेगळे अवजार वापरले. बारीक लवचीक स्प्रिंगच्या दातांचा जणू एक मोठा फणाच. तो ओळींमधून नव्हे, थेट ओळींवरून फिरवायचा. नुकते उगवू पाहणारे, पांढऱ्या धाग्यासारखे तण त्या दातांनी उखडते आणि खोल रुजलेले भुईमुगाचे रोप तग धरते. अट एकच : तण डोळ्यांना नीट दिसण्याआधीच फिरवायचे, आणि पेरणीनंतर पाच-सहा आठवडे, आठवड्याला एकदा. एक फेरी चुकली, पाऊस लागला आणि तण चार पानांवर गेले, की ते दात त्याचे काही करू शकत नाहीत. आणि एवढे करूनही जे तण निसटते ते हातानेच काढावे लागते. हे वाचून मला हसू आले आणि थोडे बरेही वाटले. मोठमोठे ट्रॅक्टर असलेल्या देशातही शेवटी वाफसा, मुदत आणि माणसाचा हात, या तीनच गोष्टींशी गाठ आहे.

दोन गोष्टी आणखी सांगतो, कारण त्या अवजारांच्या शहाणपणाविषयी आहेत. सेनेगलमध्ये भुईमुगाच्या प्रदेशात घोड्याने किंवा गाढवाने ओढायचे एक हलके लोखंडी कोळपे रूढ झाले. सीन नावाच्या भागावरून त्याचे नाव पडले. ते बनवण्यात जाँ नोल या फ्रेंच अभियंत्याचा हात होता. साधे, गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल असे, म्हणून ते टिकले. याच नोल यांच्या कल्पनेतली चाके असलेली, एकाच सांगाड्यावर नांगर, पेरणी, कोळपणी सगळे बसवता येणारी बैलांची गाडी पुढे हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संस्थेने (स्थापना १९७२) आपल्या काळ्या रानांसाठी चालवून पाहिली. प्रयोगशेतात तिने उत्तम काम केले. पण ती महाग, जड आणि गावात न दुरुस्त होणारी. शेतकऱ्यांनी तिला नमस्कार केला. पॉल स्टार्की यांनी १९८८ साली जगभरातल्या अशा गाड्यांचा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला तो असाच : परिपूर्ण केलेली, पण नाकारलेली. सुताराच्या हातचे कोळपे मात्र कोणीही परिपूर्ण केलेले नव्हते, आणि ते शेकडो वर्षे चालले.

ते आता आपल्याकडेही थांबत आले आहे, ही गोष्ट मान्य करायला हवी. बैल गेले. एक जोडी वर्षभर पोसायची आणि कोळपणीला पंधरा दिवस वापरायची, हे दोन-तीन एकरवाल्याला परवडत नाही. भांगलणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर एकाच वेळी सगळ्या गावाला हवी असतात. अशा वेळी पाठीवर पंप घेऊन एक माणूस एका सकाळीत एकरभर तणनाशक मारून मोकळा होतो. त्याला नावे ठेवायला मी धजत नाही. ज्या सुनेची पाठ वाकायची वाचली, जी मुलगी वर्गात बसली, तिच्या बाजूने पाहिले तर या बाटलीचे उपकारच आहेत. मी मुख्याध्यापक म्हणून हे लपवले तर खोटे ठरेन. आमच्या अलीकडच्या हजेरीपत्रकांत ती जुलैची रांग पूर्वीइतकी लांब नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. एकच औषध वर्षानुवर्षे वापरले की त्याला न जुमानणारे तण मागे उरते आणि तेच रान व्यापते. बांधावरची भाजी, गुराढोरांचा चारा, मधमाश्यांची फुले त्याच फवाऱ्यात जातात. आणि ज्याला सेंद्रिय म्हणून माल विकायचा आहे त्याला हा मार्गच बंद. २००१ साली केंद्र सरकारचा सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या नियमांत रासायनिक तणनाशकाला जागा नाही.

आमच्या शेजारचा एक तरुण, माझाच जुना विद्यार्थी, तीन वर्षांपूर्वी या सेंद्रियाच्या वाटेला लागला. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, मला वाटेत भेटले आणि म्हणाले, “सर, पोरगं म्हनतंय कोळपं काढा. कोळपं हाय माळ्यावर. पन बैल कुठनं आनू? आन्‌ रुमनं धरनारा?” मग अण्णांनीच वाट काढली. जुन्या सायकलीचे पुढचे चाक, दोन पाइप आणि माळ्यावरच्या कोळप्याची जुनी फास. गावच्या वेल्डिंगवाल्याने तासाभरात जोडून दिले. आता अशी सायकल-कोळपी पुष्कळ गावांत दिसतात. एक माणूस उभ्याने, पाठ न वाकवता, ढकलत चालतो. पहिल्या वर्षी त्यांना उशीर झाला, तण वर गेले आणि शेंगा कमी आल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी पेरणीआधी एक पाऊस अंगावर घेऊन पहिले तण उगवू दिले, ते कुळवून मारले आणि मगच कुरी धरली. त्यानंतर दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन कोळपण्या केल्या. ओळीतले तण थोडेच उरले. तेवढ्यापुरत्या चार बायका दोन दिवस लावल्या आणि त्यांना नेहमीपेक्षा जास्त मजुरी दिली. त्या शेतात मुली नव्हत्या. मी मुद्दाम जाऊन पाहिले.

तेथे अण्णा बांधावर बसून नातवाला कोळपे ढकलायला शिकवत होते. नातू इंग्रजी शाळेत जातो. त्याला कोळपे, फास, दिंड हे शब्द ठाऊक नव्हते. “वळीत शिरू नको,” अण्णा म्हणाले आणि मला माझे आज्जा आठवले.

गेल्या वर्षी मी नववीच्या मुलांना एक काम दिले. प्रत्येकाने घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडून शेतीच्या अवजारांची, त्यांच्या भागांची आणि तणांची नावे मराठीत व कानडीत लिहून आणायची. तणांची नावे सगळ्यात जास्त मुलींनी आणली, आणि ती बहुतेक आजींकडून आणली. एका मुलीने नावांपुढे एक रकाना स्वतःच्या मनाने वाढवला होता : ‘हे तण किती दिवसांत काढावे’. तिला गुण देताना मी हात आखडला नाही.

सेंद्रिय शेंगांना चार पैसे जास्त मिळतात, मिळावेत. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या चार पैशांतला एक पैसा ओळीतले तण काढणाऱ्या हातापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि तो हात शाळेतल्या मुलीचा नसावा. जुन्या पद्धतीकडे परत जाताना जुना अन्यायही बरोबर नेला, तर आपण इतिहास वाचला असे म्हणता येणार नाही. माळ्यावरचे कोळपे खाली काढावे, त्याची फास शेवटून घ्यावी, गरज पडली तर त्याला सायकलीचे चाक लावावे. जुलैचे हजेरीपत्रक मात्र भरलेले राहू द्यावे.